खरी एक जून

माझ्या नोकरीत माणसाला विचारायचा पहिला प्रश्न वयाचा. नाव त्यानंतर. नावात चूक झाली तर दुरुस्त करता येते. वयात चूक झाली तर त्यावर रचलेली सगळी आकडेमोड कोसळते. दुबईत एकवीस वर्षं हा प्रश्न विचारून मी पोट भरलं, आणि माझं स्वतःचं वय मात्र कागदावर चुकीचं आहे.

माझ्या पासपोर्टवर जन्मतारीख एक जून आहे. खरा जन्म पौषातला. आईला तिथी पाठ होती, इंग्रजी तारीख नव्हती. वडील शाळेत घेऊन गेले तेव्हा हेडमास्तरांनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. कान हाताला लागला. "झाला सहा वर्षांचा," म्हणून त्यांनी एक जून लिहून टाकली. माझ्या पिढीतल्या मराठी वाचकांना हे समजावून सांगायला नको. प्रत्येकाच्या घरात एखादी तरी एक जून असते. आमच्या ऑफिसात दर एक जूनला आम्हा तिघा भारतीयांचा मिळून एक केक येतो, आणि एक जानेवारीला पेशावरच्या दोघा ड्रायव्हरांचा. एचआरमधल्या फिलिपिनो मुलीने पहिल्या वर्षी भाबडेपणाने विचारलं होतं, "सर, तुम्ही तिघं जुळे का?"

ही गोष्ट त्या तारखेची आहे. पण आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची कंपनी लहान आहे. मोठ्या विमा कंपन्यांकडे एखादं अवघड प्रकरण आलं, की ते घ्यावं की नाही आणि घेतलं तर किती हप्त्याने, हे आम्ही मोजून देतो. दहा वर्षं माझ्याकडे खेळाडूंचं टेबल होतं, म्हणजे त्यांच्या विम्याची प्रकरणं. क्लब एखाद्या पोराशी पाच-सात वर्षांचा करार करतो. पोरगा खेळो न खेळो, पैसे द्यायचे, असा करार. मग क्लबचा मालक विचारतो, उद्या याचा गुडघा कायमचा गेला तर माझ्या पैशांचं काय? त्याचा विमा. किती वर्षांचा विमा द्यायचा ते मी सुचवणार, आणि विमा जितक्या वर्षांचा, साधारण तितक्याच वर्षांचा करार मालक करणार. म्हणजे कराराच्या कागदावर माझी सही कुठेच नसते, पण कराराची लांबी बरेचदा माझ्या टेबलावर ठरते.

लोक मला नेहमी विचारत, वीस वर्षांच्या पोरांना एवढे पैसे इतक्या वर्षांसाठी देणं हा वेडेपणा नाही का? आमच्या कोकणात आंब्याची बाग मोहोरावर देतात तसं मी त्यांना समजावत असे. व्यापारी मोहोर बघून पुढच्या हंगामांचे पैसे आधी देतो. बागवाल्याला खात्री मिळते, व्यापाऱ्याला स्वस्तात बाग. पुढे अवकाळी आला तर व्यापारी बुडतो, फळ लगडलं तर बागवाला हळहळतो. दोघांपैकी कुणीच वेडा नसतो. दोघंही एकमेकांची भीती विकत घेत असतात. प्रश्न एवढाच की मोहोर कुणी आणि कसा तपासला.

तपासताना मी तीन गोष्टी बघत असे: वय, जुनी दुखापत आणि डोकं. डोक्याच्या बाबतीत मी एकदा सपशेल आपटलो होतो. एका फुटबॉलपटूला मी सात वर्षांची शिफारस केली. वय बावीस, गुडघे पोलादी. करार झाला आणि पोराची भूक संपली. तो सरावाला कमी आणि गाड्यांच्या शोरूममध्ये जास्त दिसू लागला. त्याच्या पायाला सात वर्षांत साधं खरचटलंही नाही, कारण धावतच नव्हता. विम्याच्या दृष्टीने माझं प्रकरण उत्तम निघालं. क्लबच्या मालकाने मात्र पुन्हा आमचं तोंड पाहिलं नाही.

आणि एकदा एक स्थानिक म्हातारेबाबा आपल्या ससाण्याचा विमा मागायला आले होते. पक्षी मनगटावर घेऊनच. मी फॉर्म उघडून विचारलं, "वय?" ते हसले. म्हणाले, "तू वय विचारतोस. मी पक्षी घेताना विचारतो, याला वाढवला कुणी?" मी तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला रकाना नव्हता.

ओंकार वाघमोडेचं प्रकरण त्यानंतर दोनेक वर्षांनी आलं.

इथे बेसबॉलचा एक नवा क्लब निघाला होता. मालकाला असा तरुण चेहरा हवा होता, जो पाहून इथले भारतीय स्टेडियमवर येतील. त्याच्या माणसांना माण तालुक्यात, धनगराच्या घरात, ओंकार सापडला. लहानपणी पाखरं राखायला गोफण फिरवायचा, मग शाळेच्या संघातून जिल्ह्याला बेसबॉल खेळला. जन्मतारखेप्रमाणे वय एकोणीस. चेंडू टाकायचा ताशी दीडशे किलोमीटरने. क्रिकेटमध्ये कोपर वाकवून टाकलं की आपण 'फेकी' म्हणून पोराला हाकलतो. बेसबॉलमध्ये तोच फेकी राजा असतो. त्याला पिचर म्हणतात. सगळा जोर त्या वाकलेल्या कोपरावर येतो, आणि कोपराच्या आतल्या अंगाला करंगळीएवढी एक पट्टी असते, तिच्यावर त्याचं सगळं घर चालतं.

क्लब आठ वर्षांचा करार द्यायला तयार होता. वर्षाला बारा लाख दिऱ्हाम, एकूण शहाण्णव लाख. दिऱ्हामला तेवीस रुपये या भावाने गुणलं तर बावीस कोटी रुपये. मी तो आकडा दोनदा गुणून पाहिला. सवयच आहे.

वैद्यकीय तपासणीच्या दिवशी मी क्लिनिकमध्ये होतो. ओंकार उंच, काळासावळा, हात गुडघ्यापर्यंत येतील असे लांब. हिंदी जेमतेम. मी मराठीत "बस" म्हटलं तसा दचकलाच.

"सर, तुम्ही मराठी?"

"रत्नागिरीकडचा."

"आयला! म्हंजे आमच्या मेंढरांच्या वाटंवरलंच की वो! आमी दर साली तिकडंच उतरायचो." मग एकदम खालच्या आवाजात, "सर, ते काय काय इचारतात, काय बी कळत न्हाय. मी नुसता यस यस म्हंतोय. चालंल न्हवं?"

"चालेल. पण जे खरं नाही त्याला यस म्हणू नकोस."

"न्हाय सर. आईची आन."

कोपराचे फोटो स्वच्छ आले. डॉक्टरांचा शेरा उत्तम होता. माझ्या मनात आठ वर्षांची शिफारस जवळजवळ तयार होती.

त्याच आठवड्यात घरी एक साधा प्रसंग घडला, तो इथेच सांगून ठेवतो. आम्ही शारजाला राहतो. भाडं परवडतं, रोजचे तीन तास रस्त्यावर जातात. घरी पोचलो तर आमची सई मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. पुण्याहून माझ्या भावाची मुलगी येणार होती. सई म्हणाली, "माय कझिन इज कमिंग."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "कझिन काय? बहीण म्हण."

"बाबा, शी इज माय कझिन."

"आपल्यात कझिन नसतं. बहीण असते."

"बट देन हाऊ विल पीपल नो?"

"लोकांना कळायची गरज काय?" मी म्हटलं. माझी बायको वंदना स्वयंपाकघरातून हसली, मला बरं वाटलं आणि मी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी ओंकारची फाईल शेवटची वाचायला घेतली. त्यात पासपोर्ट होता, शाळा सोडल्याचा दाखला होता, जन्माचा दाखला नव्हता. दाखल्यावर एक जून. ते बघून मला हसूच आलं. धनगराचं पोर, वर्षाचे सहा-आठ महिने मेंढरांमागे, शाळेत उशिराच गेलं असणार. पण नुसत्या हसण्यावर शेरा मारता येत नाही. मग मी आयुर्विम्याचा कागद उघडला. खेळाडूला काही झालं तर पैसे कुणाला, ती नावं त्यात असतात. पहिलं नाव आई. दुसरं, सिस्टर, कोमल. जन्म, त्याच्या पुढच्याच वर्षीची चोवीस जानेवारी.

एक जून ते चोवीस जानेवारी. मी बोटांवर नाही, कॅलेंडरवर मोजले. दोनशे सदतीस दिवस. आठ महिनेसुद्धा नाहीत. एकाच आईला दोनशे सदतीस दिवसांच्या अंतराने दोन मुलं होत नाहीत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मुलीची तारीख इतकी आडनिडी, की ती खरीच असणार. म्हणजे भावाची खोटी. तो किमान काही महिन्यांनी, आणि शाळेत उशिरा गेला म्हणजे बहुधा दोन वर्षांनी मोठा असणार.

खोटं का बोला, मला त्या क्षणी आनंद झाला. चोर सापडल्याचा नव्हे, गणित सुटल्याचा. हे इथे दुसऱ्या कुणाला दिसलंच नसतं. लंडनमध्ये बसून असल्या फायली वाचणाऱ्या माणसाला एक जून म्हणजे नुसती तारीख.

माझा वरिष्ठ नबील, लेबनॉनचा, मनाने मोकळा माणूस. मी त्याला सगळं समजावलं. तो खुर्ची मागे करून टाळ्या वाजवायचाच बाकी राहिला. मग म्हणाला, "हबीबी, पोरगा तुझ्या भाषेचा आहे. फोन कर, विचार. दोन मिनिटांचं काम."

"म्हणूनच करणार नाही. उद्या म्हणतील, आपल्या माणसाला सावध केलं."

"कोण म्हणेल?"

"कुणीही."

नबीलने फाईल माझ्याकडे सरकवली. "तुम्ही लोक अजब. मदत केल्याचा आळ नको म्हणून आपल्याच माणसाला मारता. ठीक आहे, तुझी फाईल. यल्ला, चल, लिही."

मी लिहिलं. ते वाक्य मला आजही शब्दशः पाठ आहे. 'महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एक जून ही शाळेने सोयीसाठी लिहिलेली तारीख असते. बहिणीच्या जन्मतारखेशी ती विसंगत असून खेळाडूचे वय दाखवल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे जास्त असावे.' शिफारस दोन वर्षांची. एकोणीसचा एकवीस झाल्याने पिचर म्हातारा होत नाही, हे मला माहीत होतं. पण आमच्या धंद्यात एक आकडा खोटा ठरला की बाकीच्या कागदांचाही भरवसा उडतो. विमा दोन वर्षांचाच मिळाला. क्लबने करारही दोनच वर्षांचा केला. पुढची सहा वर्षं क्लबच्या मर्जीवर ठेवली. आठाची दोन का झाली, ते ओंकारला कुणी सांगितलं नाही. तसा सांगायचा रिवाज नाही. त्याने आहे त्यावर सही केली. चोवीस लाख दिऱ्हाम म्हणजे साडेपाच कोटी रुपये. त्याच्या घराला ते कमी नव्हते, आणि मी स्वतःला तेच सांगत राहिलो.

कराराच्या सतराव्या महिन्यात, एका सामन्याच्या मधोमध, त्याच्या कोपरातली ती पट्टी तुटली.

शस्त्रक्रिया झाली. एक दिवस तो ऑफिसात आला, हात पट्ट्यात अडकवलेला. वैद्यकीय खर्चाचे कागद द्यायचे होते आणि एक छोटी दुरुस्ती करायची होती. "कोमलचं लगीन ठरलंय सर. नाव बदलंल तिचं. त्या कागदात तिचं सासरचं नाव लावायचं हाय."

मी फॉर्म काढला. पूर्ण नाव लिहायला सांगितलं. डाव्या हाताने त्याला लिहिता येईना, म्हणून तो सांगत गेला, मी लिहीत गेलो.

"माहेरचं नाव?"

"कोमल सदाशिव वाघमोडे."

माझं पेन थांबलं. समोर त्याचं नाव होतं, ओंकार दत्तू वाघमोडे.

"सदाशिव कोण?"

"चुलते. कोमल दोन वर्साची असताना गेले. चुलती दुसरीकडं नांदायला गेली. मंग कोमल आमच्यातच वाढली की. आई म्हंती, हीच माझी थोरली आन् हीच धाकटी."

मी जुना कागद उघडला. तिथे छापील अक्षरांत होतं: ओंकार डी. वाघमोडे. त्याच्या खाली: कोमल एस. वाघमोडे. त्या पानावरचे आकडे मी दिवसांसकट मोजले होते. ही दोन अक्षरं वाचली नव्हती. कुठल्याही मराठी शाळेतलं चौथीचं पोर मधलं नाव बघून सांगेल की ही सख्खी भावंडं नाहीत. लंडनच्या माणसाला ते दिसलं नसतं, पण तो माणूस एक जूनलाही हसला नसता.

"ओंकार, तुझा जन्म कधीचा?"

"एक जून."

"शाळेतली नाही. खरी."

तो हसला. "खरीच हाय सर. समदी हसत्यात. आमच्या वर्गात अकरा पोरं एक जूनची व्हती. आई गुर्जींशी भांडलेली, माझ्या पोराची खरी हाय म्हणून." त्याने डाव्या हाताने मोबाईल पुढे केला. पिवळ्या पडलेल्या एका कार्डाचा फोटो. कोकणातल्या एका सरकारी आरोग्य केंद्राचा शिक्का, बाळंतपणाची तारीख, लसींच्या नोंदी. मेंढरं घेऊन उतरलेली त्याची आई त्या वर्षी तिथेच बाळंत झाली होती. एक जून. वर्षही तेच. "आईनं पेटीत ठेवलंय, पलास्टिकमदी गुंडाळून."

"हे तू आधी का नाही दिलंस?"

"कुणी मागितलंच न्हाय, सर."

त्या दिवशी मी त्याचा फॉर्म पुरा केला आणि त्याला जाऊ दिलं. गाडीत बसल्यावर शारजाच्या रस्त्यावर सव्वा तास उभा होतो. पहिल्यांदाच ती गर्दी लवकर संपू नये असं वाटलं. घरी वंदनाला सगळं सांगितलं. सई ऐकत होती. तिने टोमणा म्हणून नाही, साध्या आश्चर्याने विचारलं, "बट बाबा, यू ओन्ली सेड देअर इज नो कझिन."

वंदना म्हणाली, "त्याला जाऊन सांगून या. कागदावर नाही. तोंडाने."

"त्याने काय होणार?"

"त्याचं काय व्हायचं ते होईल. पण यात त्याने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. त्याला माहीत असायला हवं."

शनिवारी डिस्कव्हरी गार्डन्सला गेलो. क्लबने तिथे खेळाडूंना फ्लॅट दिले होते. ओंकारने डाव्या हाताने चहा केला, साखर सांडली, हसला. मी चहा प्यायच्या आधी सांगून टाकलं. एक जून, कोमलची तारीख, दोनशे सदतीस दिवस, माझं ते वाक्य. काही गाळलं नाही.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे ते आठ वर्सांचं तुमच्यामुळं गेलं?"

"हो."

"हात आवडला नव्हता, असं न्हवं?"

"नाही. हाताबद्दल सगळ्यांनी उत्तमच लिहिलं होतं. मीसुद्धा."

आणि तेव्हा तो रडला. मला वाटलं होतं रागावेल. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सर, मला वाटलं त्यांना माझ्या हाताचा भरवसा न्हाय. म्हणून दोनच वर्सं दिली. मंग मी ठरवलं, दोन वर्सांत दावायचंच. सात-आठ म्हयने झालं आन् कोपर दुखाय लागलं. फिजिओला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर बसवलं असतं, आन् बसवलं की खलास. पुढची सहा वर्सं कोण देतंय? रातचं बर्फ लावायचो, सकाळी टाकायचो."

मी त्याच्या समोर बसलो होतो आणि मला माझं सगळं काम नव्याने दिसत होतं. दहा वर्षं मी लोकांना मोहोर आणि फळ समजावत होतो. लांब करार म्हणजे मालकाचा जुगार आणि पोराची खात्री, असं मोजत होतो. पण लांब कराराने पोराला आणखी एक गोष्ट मिळते, ती माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. 'दुखतंय' असं म्हणायची मुभा. आठ वर्षं हातात असलेला पोरगा दोन महिने बसून राहू शकतो. दोन वर्षं असलेला बसू शकत नाही. मी जोखीम कमी करायला वर्षं कापली, आणि कापलेल्या वर्षांनीच जोखीम आणली. त्या फुटबॉलवाल्यासारखी पोरं असतात, नाही असं नाही. त्यांना लांब करार आळशी करतो. पण कुठला पोरगा कसा, हे त्याला वाढवला कुणी यावर असतं, आणि ते विचारायला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता, माझ्या तोंडात मात्र भाषा होती.

उठताना मी म्हटलं, "मी क्लबला लेखी कळवणार आहे."

"त्यानं काय व्हईल?"

"बहुतेक काही नाही."

"मंग कशाला? तुमची नोकरी जाईल, सर." तो खरोखर काळजीने म्हणाला. ते मला फार लागलं.

सोमवारी मी दुरुस्तीचा शेरा लिहिला: पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता, चूक माझी, खेळाडूची जन्मतारीख खरी आहे, सोबत आरोग्य केंद्राच्या कार्डाची प्रत. नबीलने तो वाचून दार लावून घेतलं. "हबीबी, फाईल बंद आहे. कुणी विचारलेलं नाही. तू आपली मान का पुढे करतोस?"

"कुणी विचारलं नाही म्हणूनच इथवर आलं."

त्याने उसासा टाकून सही केली. क्लबच्या वकिलांचं दोन ओळींचं उत्तर आलं, नोंद घेतली एवढंच. पुढची सहा वर्षं क्लबने घेतली नाहीत. म्हणजे बहात्तर लाख दिऱ्हाम. साडेसोळा कोटी रुपये. हा गुणाकार मी एकदाच केला. माझ्याकडून खेळाडूंचं टेबल गेलं. आता मी जबल अलीच्या गोदामांचे विमे बघतो. मांडण्या किती उंच, फोर्कलिफ्ट किती जुन्या, आग विझवायचं पाणी किती लांब. मांडण्यांना जन्मतारीख नसते. काम वाईट नाही.

ते टेबल सोडण्याआधी एक केलं. आमच्या छापील फॉर्ममध्ये 'नातं' या रकान्याखाली एक ओळ वाढवून घेतली: एकाच आईची मुलं आहेत का? नबीलने विचारलं, एवढ्याशा ओळीने काय होणार? मी म्हटलं, इन्शाल्ला, कुणीतरी फोन उचलून विचारेल.

ओंकार गावी आहे. हात भरून आला. मेंढरं सांभाळता येतात, तालुक्याच्या शाळेत पोरांना बेसबॉल शिकवतो, पण ताशी दीडशे आता होणार नाही. मिळालेल्या पैशांतून कोमलचं लग्न झालं, जमीन झाली. मला तो अजून सर म्हणतो. मी त्याला काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक जूनच्या केकला मी आता जात नाही. उरलेले दोघं कापतात. मी त्या दिवशी माणला फोन लावतो. या वर्षी फोन त्याच्या आईने उचलला. ओंकार मेंढरांकडे गेला होता. मी नाव सांगितलं, ओंकारला वाढदिवसाच्या शुभेच्छा सांगा म्हटलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "ह्या तारखंला फोन करणारं तुमी येकलंच. बाकीच्यास्नी ती शाळंचीच वाटती. तुमास्नी कसं कळलं खरी हाय म्हणून?"

ओंकारने तिला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं झाली तरी त्याने घरात माझ्या चुकीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, हे मला त्या प्रश्नावरून कळलं. मला 'त्यानेच सांगितलं' म्हणून फोन ठेवता आला असता.

मी सांगितलं. उभ्यानेच, जेवढं साध्या शब्दांत सांगता येईल तेवढं. कोमलची तारीख, मी कसं मोजलं, मग काय झालं. पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "इचारायचं व्हतं की वो, सायेब. म्या सांगितलं असतं."